चवथीला शेवंती फुलवायची, तर जनुक बदलावे की दिवा लावावा?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे ५०० चौरस मीटरचे पॉलिहाउस आहे आणि गणेशचतुर्थीच्या बाजारासाठी त्यांनी सलग दोन वर्षे शेवंती लावली. पहिल्या वर्षी घरच्या जुन्या पिवळ्या शेवंतीची रोपे केली, तेव्हा चवथ उलटली तरी झाडांवर पानांशिवाय काही नव्हते. दुसऱ्या वर्षी बाहेरून मोठ्या फुलांच्या जातीची रोपे आणली, तर ती वीतभर असतानाच कळ्या धरून बसली. आता एक रोपविक्रेता त्यांना ‘जनुक बदललेली’ शेवंती देऊ करीत आहे. ती कोणत्याही ऋतूत ४५ दिवसांत फुलते असे तो म्हणतो आणि रोपाचा दर नेहमीच्या तिप्पट सांगतो. अशी शेवंती खरोखर असते का, आणि असल्यास ती घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे.

ती रोपे घेऊ नका, एवढे उत्तर मी आधीच देऊन ठेवते. मात्र तेवढ्यावर थांबले, तर तुमची दोन्ही वर्षे का फसली हे कळणार नाही आणि तिसऱ्या वर्षी दुसराच कोणी विक्रेता दारात उभा राहील. मी उमेदीची पहिली काही वर्षे ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काढली आणि नंतरची वीसेक वर्षे फोंड्याजवळ फुलझाडांची रोपवाटिका चालवीत आहे. त्यामुळे जनुकाची बाजू आणि चिखलाची बाजू, या दोन्ही मला थोड्याफार ठाऊक आहेत.

तुम्ही विचारले आहे ते लवकर फुलण्याविषयी, परंतु तुमची गरज वेगळी आहे. तुम्हाला फुले हवी आहेत ती ठरलेल्या दिवशी, आणि तो दिवस दरवर्षी सरकतो. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला आली आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ पडल्यामुळे ती थेट १४ सप्टेंबरवर गेली. लागोपाठच्या दोन वर्षांत १८ दिवसांचा फरक पडला, आणि फुलांच्या बाजारात चवथीच्या आदल्या दिवशीच्या दराला चवथीनंतर चार दिवसांनी काय किंमत राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको. जनुकात कायमचा कोरलेला बदल पंचांग वाचू शकत नाही. म्हणून झाडाला ‘आता’ असे सांगता येण्याची सोय आपल्याला हवी आहे, आणि शेवंतीच्या बाबतीत ती सोय निसर्गानेच ठेवलेली आहे.

झाडे दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात, हे गार्नर आणि ॲलर्ड या दोन अमेरिकी संशोधकांनी १९२० मध्ये तंबाखू व सोयाबीन यांच्यावरील प्रयोगांतून दाखवले. शेवंती ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पती म्हणून ओळखली जाते, तरी ती प्रत्यक्षात मोजते ती रात्र. अखंड अंधार पुरेसा लांबला की ती कळी धरते, आणि मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावून तो अंधार तोडला की दिवस लहान असूनही ती पानेच काढत राहते. हा हिशेब पानांत होतो, कळी मात्र शेंड्यावर येते. तेव्हा पानाकडून शेंड्याकडे काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असे सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात मांडले आणि त्या निरोप्याला ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले. तो निरोप्या म्हणजे ‘एफटी’ नावाच्या जनुकापासून बनणारे प्रथिन आहे, हे २००७ मध्ये पक्के झाले. पुढे जपानी संशोधकांनी शेवंतीच्या एका रानटी नातलगात लांब रात्री पानांत तयार होणारा फुलोऱ्याचा निरोप २०१२ मध्ये शोधला, आणि त्याच्या उलट काम करणारा, म्हणजे ‘अजून फुलू नकोस’ असे सांगणारा निरोप २०१३ मध्ये शोधला. थोडक्यात, शेवंतीच्या पानात एक ‘हो’ आणि एक ‘नाही’ तयार होत असते, आणि शेंडा त्यांपैकी ज्याचे वजन अधिक त्याचे ऐकतो.

आता जनुकीय बदलाने काय करता येते ते पाहू. ‘हो’ म्हणणारे जनुक सतत चालू ठेवता येते, किंवा ‘नाही’ म्हणणारे जनुक मोडता येते. प्रयोगशाळेत हे अनेक वनस्पतींत करून झालेले आहे आणि झाडे वेळेआधी फुललेलीही आहेत. गोम अशी की, ज्या झाडाला सतत ‘हो’ ऐकू येते ते अंग धरण्यापूर्वीच फुलते. दांडा आखूड राहतो, फुटवे कमी येतात आणि चार-दोन फुलांवर त्याची ताकद संपते. दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे झाले ते नेमके हेच, फक्त तिथे जनुक कोणी बदललेले नव्हते.

रोपवाटिकेच्या दृष्टीने याहून मोठी अडचण मातृझाडांची आहे, आणि तिचा विचार प्रयोगशाळेतील माणसे सहसा करीत नाहीत. मीही तिथे असताना केला नव्हता. शेवंतीची जात बियांपासून राखता येत नाही. मातृझाडाच्या कोवळ्या, कळी नसलेल्या शेंड्यांच्या काड्या लावूनच ती मोठ्या प्रमाणावर वाढवली जाते. जे झाड कोणत्याही ऋतूत आपोआप फुलते, त्याच्या प्रत्येक शेंड्यावर कळी असणार. मग काड्या घ्यायच्या कुठून? ४५ दिवसांत हमखास फुलणारी शेवंती खरोखर अस्तित्वात असती, तर तो विक्रेता तुम्हाला हजारो रोपे सहजासहजी पुरवू शकला नसता.

फुलण्याचा ब्रेक मोडल्याचे सर्वांत सुंदर उदाहरण गुलाबात आहे आणि तेथे माणसाने एकही जनुक हाताने बदललेले नाही. बहुतेक रानटी गुलाब वर्षातून एकदाच फुलतात. चीनमधील बागांत फार पूर्वी काही गुलाबांच्या एका जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसला, फुलोरा आवरून धरणारे ते जनुक निकामी झाले आणि ते गुलाब वर्षभर फुलू लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हे चिनी गुलाब युरोपात गेले, तेथील गुलाबांशी त्यांचा संकर झाला, आणि आज आपण कुंडीत लावतो त्या बहुतेक बारमाही गुलाबांत तोच मोडका ब्रेक आहे. तरीही १४ फेब्रुवारीसाठी गुलाब पिकवणारा शेतकरी जनुकावर विसंबून राहत नाही. तो डिसेंबरच्या अखेरीस छाटणी करून दिवस मोजतो. बारमाही फुलणे आणि तारखेला फुलणे यांतील फरक एवढ्यावरून ध्यानात यावा.

जनुकालाच बटण बसवावे, म्हणजे अमुक रसायन फवारले किंवा ठरावीक उष्णता दिली की ते चालू व्हावे, असा मार्ग संशोधकांनी शोधलेला आहे. उष्णतेने चालू होणाऱ्या एफटी जनुकाचे प्रयोग पॉपलर वृक्षावर झालेले आहेत. गोव्याच्या मे महिन्यात पॉलिहाउसमध्ये उष्णतेचे बटण कधी दाबले जाईल, याचा विचार करून मला हसू येते. ते असो; प्रकाशाचे बटण झाडात आधीच असताना दुसरे बसवण्याचा खटाटोप शेवंतीपुरता तरी मला पटत नाही.

विक्रेत्याने तुम्हाला भाताचे उदाहरण दिले असेल, तर त्याचाही उलगडा करते. ४ मे २०२५ रोजी देशात दोन जनुक-संपादित, म्हणजे जनुकात नेमक्या जागी बदल केलेल्या भातजाती जाहीर झाल्या. त्यांतील ‘कमला’ ही जात मूळच्या सांबा मसुरीपेक्षा सुमारे २० दिवस आधी तयार होते. बातमी खरी आहे. पण भात आणि शेवंती यांच्यात दोन मूलभूत फरक आहेत. भातात गुणसूत्रांचे दोन संच असतात. लागवडीच्या शेवंतीत सहसा सहा संच, म्हणजे ५४ गुणसूत्रे असतात. त्यामुळे एखादे जनुक मोडायचे तर त्याच्या सर्व प्रती मोडाव्या लागतात, एक जरी शाबूत राहिली तरी ती काम चालू ठेवू शकते. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जनुक संपादनासाठी बहुतेक वेळा आधी परके जनुक आत घालावे लागते आणि काम झाल्यावर ते काढून टाकावे लागते. भातात पुढच्या पिढीत, परके जनुक नसलेली रोपे निवडून हे साधते. शेवंती मात्र स्वतःच्या परागाने सहसा बी धरत नाही, आणि दुसऱ्या झाडाशी संकर केला की जात बदलते, रंग बदलतो, आकार बदलतो. ज्या जातीसाठी एवढे केले, ती जातच हातातून जाते. परके जनुक न घालता संपादन करण्याच्या पद्धती आहेत, पण त्या शेवंतीत सोप्या नाहीत.

कायद्याचा धागा इथेच येऊन मिळतो. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने, ज्यांत शेवटी परका डीएनए उरत नाही अशा संपादित वनस्पतींना जनुकीय बदल केलेल्या जीवांविषयीच्या १९८९च्या नियमांतील काही कडक तरतुदींमधून सूट दिली. परके जनुक शिल्लक असलेल्या वनस्पतीला ही सूट नाही. तिला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीकडून परवानगी लागते. भारतात आजवर व्यापारी लागवडीत आलेले परजनुकीय पीक एकच आहे, ते म्हणजे २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस. परजनुकीय शेवंतीला आपल्याकडे परवानगी मिळालेली नाही. म्हणजे तुमच्या विक्रेत्याचे म्हणणे खरे असेल तर माल बेकायदा आहे, आणि माल कायदेशीर असेल तर त्याचे म्हणणे खोटे आहे.

‘फुलझाडच तर आहे, कोण बघतो?’ असे कोणी म्हटले तर त्याला पिटुनियाची हकिगत सांगा. १९८०च्या दशकात जर्मनीत मक्याचे एक जनुक घालून नारिंगी पिटुनिया तयार करण्यात आला होता. तो प्रयोग म्हणून संपला असे सारे समजत होते. २०१७ मध्ये फिनलंडमध्ये बाजारातील नारिंगी पिटुनियांत परकी जनुके आढळली, आणि त्यानंतर युरोप व अमेरिकेत अनेक जाती बाजारातून काढून घेऊन रोपे नष्ट करावी लागली. ज्यांनी ती विश्वासाने लावली होती त्यांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

माझा अंदाज असा की, तो विक्रेता एखादी लवकर फुलणारी साधी जातच मोठ्या नावाखाली विकत आहे. गॅमा किरणांनी उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांत आपोआप होतो तसा बदल घडवून नव्या जाती काढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेवंतीत हे काम पुष्कळ केले आहे. अशा जातींना वरील परवानगी लागत नाही आणि त्या लावण्यात गैर काही नाही. पण त्यांना ‘जनुक बदललेली’ म्हणून तिप्पट दर लावणे ही निव्वळ विक्रीची चलाखी आहे.

आता तुमच्या दोन वर्षांकडे येते. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपला सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये सुमारे १३ तासांचा आणि सर्वांत लहान डिसेंबरमध्ये सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो. थंड देशांत तयार झालेल्या अनेक जाती साडेतेरा-चौदा तासांहून लहान दिवसाला ‘लहान’ समजतात. त्यांच्या दृष्टीने गोव्यात बाराही महिने फुलण्याचाच हंगाम असतो, म्हणून बाहेरून आणलेली तुमची रोपे वीतभर असताना कळीवर आली. त्यांना सुरुवातीचे तीन-चार आठवडे रात्री दिवा हवा होता. उलट आपल्या जुन्या गावठी शेवंतीला दिवस बराच लहान झाल्याशिवाय कळी धरवत नाही; ती दसरा-दिवाळी आणि पुढच्या जत्रांच्या दिवसांची शेवंती आहे. तिला जुलैत काळ्या पडद्याखाली रात्र लांबवून द्यायला हवी होती. एकाच पॉलिहाउसमध्ये दोन्ही वर्षे नुकसान झाले, पण कारणे एकमेकांच्या विरुद्ध होती.

यात परिस्थितीवर अवलंबून असणारे पुष्कळ आहे, ते लपवत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे रात्रीचे तापमान २४ अंशांच्या खाली फारसे उतरत नाही, आणि शेवंतीला कळी भरण्यासाठी याहून थंड रात्री आवडतात. त्यामुळे जातीच्या माहितीपत्रकात, लांब रात्री मिळू लागल्यापासून फुले येईपर्यंत नऊ आठवडे लिहिले असतील तर आपल्याकडे दहा धरावेत, आणि तुमच्या जागेचा आकडा एक हंगाम नोंदी ठेवल्याशिवाय हाती येत नाही. सत्तरीच्या डोंगरपायथ्याचा अनुभव पेडण्याच्या किनाऱ्याला लागू पडेलच असे नाही.

पडद्याचा माझा पहिला हंगाम वाया गेला होता. संध्याकाळी पाचला काळे प्लास्टिक ओढायचे आणि सकाळी सातला काढायचे, असे पुस्तकाप्रमाणे केले. जुलैच्या दमट हवेत पाचला प्लास्टिक ओढल्यावर आत जी वाफ कोंडली, तिने पानांवर ठिपके आले आणि कळ्या उलट लांबणीवर पडल्या. पुढील वर्षापासून मी प्लास्टिकऐवजी दाट विणीचा काळा कपडा वापरते, पडदा सहा-साडेसहाला ओढते, सकाळी साडेसात-आठपर्यंत ठेवते आणि पूर्ण काळोख झाल्यावर दोन्ही बाजू तासभर उघडून हवा खेळू देते. अंधार तेरा-चौदा तासांचा अखंड मिळाला की पुरे. तो कोणत्या वेळी सुरू झाला याचे झाडाला फारसे सोयरसुतक नसते.

दुसरी फजिती दिव्याची. एका वर्षी सारा वाफा कळीवर आला, मात्र रस्त्याकडच्या दोन ओळी हिरव्यागार, पानांनी लदलेल्या आणि फुलाविना राहिल्या. खत, पाणी, मूळकूज असे सगळे तपासून झाले. शेवटी एका रात्री बॅटरी न घेता वाफ्यावर गेले, तेव्हा लक्षात आले की रस्त्यावर नवा दिवा बसला आहे आणि त्याचा उजेड नेमका त्या दोन ओळींवर पडतो आहे. वर्तमानपत्राचा बारीक मजकूर नीट वाचता येईल एवढाही तो उजेड नव्हता, तरी शेवंतीला पुरला. याच्या उलट प्रकार मातृवाफ्यात होतो. तिथे मी रात्री दहा ते दोन दिवे लावते, म्हणजे झाडे कळीवर येत नाहीत आणि कोवळ्या काड्या मिळत राहतात. पावसात लागोपाठ काही रात्री वीज गेली की त्या काड्यांच्या टोकाशी कळीचे बोंड दिसू लागते. म्हणून टायमरपेक्षाही इन्व्हर्टरवरचा खर्च मला अधिक गरजेचा वाटतो. दिवे एलईडी असले तरी चालतात, फक्त त्यांत तांबडा प्रकाश असला पाहिजे. झाडाचा रात्र मोजणारा काटा तांबड्या प्रकाशालाच ओळखतो.

उदाहरणादाखल २०२६ची मांडणी देते. चतुर्थी १४ सप्टेंबरला, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीच्या बाजाराची गर्दी त्याआधी दोन-तीन दिवस, म्हणजे तोडणी १० सप्टेंबरपासून हवी. नऊ आठवड्यांची जात असेल तर ९ जुलै येते. उष्ण रात्रींसाठी एक आठवडा धरला की २ जुलै. या दिवशी दिवे बंद करायचे आणि जातीला गरज असल्यास पडदा सुरू करायचा. त्यापूर्वी झाडाला अंग धरायला चार आठवडे दिव्याखाली द्यायचे, म्हणजे मुळे फुटलेली रोपे ४ जूनच्या सुमारास वाफ्यात गेली पाहिजेत आणि काड्या मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुळांना लावायला हव्यात. कळी वाटाण्याएवढी होऊन रंग दाखवू लागली की पडदा ओढणे थांबवले तरी चालते. पॉलिहाउसचे छप्पर गळके असेल तर मात्र हे सारे व्यर्थ आहे. शेवंतीच्या मुळाशी पावसाळ्यात पाणी थांबले की प्रकाशाचा कोणताही हिशेब तिला वाचवत नाही.

जनुकीय बदलाला फुलझाडांत जागाच नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. जी झाडे फुलायला अनेक वर्षे घेतात त्यांच्या पैदाशीत तो मोलाचा ठरू शकतो. अमेरिकेत आलुबुखाऱ्याच्या झाडात पॉपलरचे एफटी जनुक घालून ते वर्षाच्या आत फुलवले गेले. त्यामुळे संकराच्या पिढ्या झपाट्याने पुढे नेता येतात, आणि शेवटी ते जनुक नसलेली रोपे निवडली की हाती येणारी जात परजनुकीय राहत नाही. आपल्या सुरंगी या सुवासिक फुलांच्या झाडात कोणी पैदाशीचे काम हाती घेतले, तर अशा युक्तीचा उपयोग होईल असे मला वाटते, कारण बियांपासून वाढवलेल्या सुरंगीच्या पहिल्या फुलाची वाट पाहण्यात संशोधकाची अर्धी नोकरी निघून जाते. घरापुरती सुरंगी हवी असणाऱ्याने अर्थात फुलणाऱ्या झाडाचे कलम बांधावे. मोठ्या झाडाची काडी खुंटावर बसवली तरी ती आपले वय विसरत नाही.

विक्रेता पुन्हा आला तर त्याला जातीचे नाव, ती किती आठवड्यांची आहे आणि मातृझाडे तो रात्री दिव्याखाली ठेवतो का, एवढे विचारा. या तिसऱ्या प्रश्नाला त्याने ‘हो’ म्हटले, तर ती नेहमीचीच शेवंती आहे, आणि नेहमीच्याच दराने मिळत असल्यास पन्नास रोपे घेऊन एका कोपऱ्यात लावून पाहायला हरकत नाही. मला उत्तर लिहाल तेव्हा तुमच्या दोन्ही जातींची नावे, लावणीच्या तारखा आणि पॉलिहाउसपासून सर्वांत जवळचा रस्त्यावरचा दिवा किती अंतरावर आहे, हे कळवा. पडद्याची तारीख त्यानंतरच काढता येईल.